पाऊस चुकवून हा किनारा दिसत नाही

पोर्टलंडहून पॅसिफिक महासागर गाडीने दीड तासावर आहे. इथली मराठी मंडळी, आम्ही धरून, आल्यागेल्या पाहुण्यांना घेऊन कॅनन बीचला जातात, पाण्यात उभा असलेला तो प्रचंड हेस्टॅक खडक दाखवतात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत घरी परततात. त्यासाठी आठवडाभर आधीपासून हवामानाचा अंदाज बघितला जातो, कारण प्रत्येकाला ऊन हवं असतं. पण ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या किनाऱ्यावर ऊन हा चार दिवसांचा पाहुणा आहे. घरचा मालक पाऊस.

यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी, चोवीस फुटी आरव्ही विकत घेतली आणि एका जूनमध्ये हा किनारा सावकाश, मुक्काम करत पाहायचा असं ठरवलं. दक्षिणेला ओरेगनमधल्या फ्लोरेन्सपासून सुरुवात करून वॉशिंग्टनच्या वायव्य टोकावरच्या निआ बेपर्यंत. अंदाजात पाऊस होता, तरी निघालो. त्या प्रवासात माझं जे मत झालं ते अजून तसंच आहे आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. या किनाऱ्यावर पाहण्यासारखं जे आहे ते बहुतेक पावसाने घडवलेलं आहे. ते पाऊस पडत असतानाच पाहावं, आणि त्यासाठी अंथरूण-पांघरूण आणि शेगडी सोबत असलेली गाडी फार उपयोगी पडते.

आधी त्या गाडीबद्दल सांगते, कारण भारतातल्या नातेवाइकांचे पहिले प्रश्न तिच्याबद्दलच असतात. आरव्ही म्हणजे चालतं घर. तिचे प्रकार अनेक. ट्रकमागे ओढायचा ट्रेलर असतो, बसएवढी मोठी ‘क्लास ए’ असते, व्हॅनमध्येच संसार बसवलेली ‘क्लास बी’ असते. आमची ‘क्लास सी’, म्हणजे पुढे ट्रकचं तोंड, मागे खोली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग. आत गॅसची शेगडी, वीज किंवा प्रोपेन दोन्हींवर चालणारा फ्रिज, जेमतेम वळता येईल एवढं न्हाणीघर आणि रात्री मोडून बिछाना करता येतो असं जेवणाचं टेबल. अमेरिकेतला साधा वाहन परवाना तिला चालतो. पेट्रोल मात्र ती भरपूर पिते. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर गेली तरी समाधान मानायचं.

या घराचं सगळं गणित तीन टाक्यांवर चालतं. एका टाकीत स्वच्छ पाणी. दुसरी ‘ग्रे टँक’, तिच्यात भांडी घासल्याचं आणि आंघोळीचं पाणी जातं. तिसरी ‘ब्लॅक टँक’, ती संडासाची. कॅम्पग्राउंडवर ‘फुल हुकअप’ची जागा मिळाली तर वीज, नळ आणि सांडपाण्याचं तोंड आपल्या गाडीशेजारीच असतं. नाहीतर निघताना डम्प स्टेशनवर जाऊन टाक्या रिकाम्या करायच्या. हे काम यजमानांनी आपणहून घेतलं. रबरी हातमोजे चढवायचे, जाड नळी जोडायची, आधी ब्लॅक टँक सोडायची आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. भर पावसात, रेनकोटची टोपी डोक्यावर ओढून, हे काम ते पूजेइतकं मन लावून करत. गाडी चालवण्याचं काम बरंचसं माझ्याकडे होतं. मला उंच बसून चालवायला आवडतं. उलटी घेताना ते मागे उभे राहून हात दाखवत आणि ओरडत, “अगं डावीकडे, डावीकडे! बास!”

हा बराचसा प्रवास हायवे १०१ ने होतो. रस्ता बहुतेक ठिकाणी दुपदरी आहे, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. आपण हळू जात असलो की मागे गाड्यांची रांग लागते. वॉशिंग्टनमध्ये तर कायदाच आहे की मागे पाच गाड्या अडकल्या तर हळू चालणाऱ्याने सुरक्षित जागा बघून बाजूला व्हायचं. मी पाचाची वाट बघत नसे. बाजूला थांबलं की समुद्र नीट बघायला मिळतो, मग घाई कशाला?

फ्लोरेन्सच्या दक्षिणेला साठेक किलोमीटर वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. त्या आम्ही वरवर पाहिल्या. माझं मन रमलं ते पुलांवर. ओरेगनच्या किनाऱ्यावर डोंगरातून उतरणाऱ्या नद्या ठिकठिकाणी समुद्राला मिळतात. १९३६ पूर्वी त्यांतल्या पाच मोठ्या मुखांवर पूल नव्हते, गाड्या तरीतून पलीकडे जात. कोंडे मॅककला नावाच्या अभियंत्याने मंदीच्या काळात, सरकारी रोजगार योजनेच्या पैशांतून, तिथे पाच मोठे पूल बांधून घेतले. न्यूपोर्टचा याक्विना बे पूल त्यांतला सगळ्यात देखणा. मधे पोलादाची उंच कमान, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या लहान कमानी, आणि नक्षीदार खांब. बेकारांच्या हाताला काम द्यायचं तर ते काम सुंदरही असावं असं त्या माणसाला वाटलं, याचं मला फार कौतुक आहे. पुलावर वारा आडवा येतो आणि उंच गाडीला ढकलतो. वेग कमी करून, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून जावं लागतं.

न्यूपोर्टजवळ साउथ बीच स्टेट पार्कमध्ये पावसाने आम्हाला गाठलं. मी मूळची चिपळूणची. पाऊस म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको, असं मला वाटत होतं. आमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. त्याला आवाज असतो, जोर असतो. इथला पाऊस वेगळा. जूनमध्ये तो बारीक असतो, तासन् तास चालतो आणि मोजायला गेलं तर भांड्यात चार-पाच मिलिमीटरसुद्धा भरत नाही. खरा मुसळधार पाऊस इथे नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो. उन्हाळ्यात ती भुरभुर आणि धुकं. पण आरव्हीच्या पातळ छतावर त्या भुरभुरीचाही एक अखंड सूर लागतो. मधेच वरच्या स्प्रूसच्या फांदीवरून साठलेलं पाणी एकदम टपटपतं आणि झोप चाळवते.

सकाळी उठले तर खिडकीच्या काचेवर आतून पाण्याचे ओघळ. हात लावला तर गादीची कड दमट. बाहेरचा पाऊस आत आला नव्हता, तो आमचाच होता. दोघांचा रात्रभरचा श्वास, कुकरची वाफ आणि ओले टॉवेल. बंद डब्यात ही वाफ जाते कुठे? थंड काचेवर बसते, मग गादीखाली, मग कपाटाच्या मागे, आणि काही दिवसांत बुरशी धरते. त्यावर उपाय ऐकायला उलटा वाटतो: पाऊस असला तरी छतावरची झडप बोटभर उघडी ठेवायची, शेगडीवरचा पंखा लावायचा, झाकण ठेवून शिजवायचं आणि वीज असेल तिथे हवेतली ओल शोषणारं छोटं यंत्र चालू ठेवायचं. छताचे सांधे आम्ही निघण्याआधीच पुन्हा सीलंटने बुजवून घेतले होते. आरव्हीला अपघातापेक्षा गळतीने जास्त मारलं आहे. आतली लाकडी चौकट एकदा कुजली की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो.

त्या दिवशी मी कुळथाचं पिठलं आणि भात केला. बाहेर तेरा-चौदा अंश, आत गरम पिठलं, समोर धुक्यात अर्धा बुडालेला समुद्र. पोर्टलंडमधून मुलीचा फोन आला, तिथे बत्तीस अंश होतं आणि तिने एसी लावला होता. अंतर दोन-अडीच तासांचं, आणि हवेत इतका फरक!

यामागचं कारण समजलं की धुक्यावर राग राहत नाही. उन्हाळ्यात इथे वारा वायव्येकडून, किनाऱ्याला धरून वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. म्हणून ऐन उन्हाळ्यातही पाण्याचं तापमान दहा ते तेरा अंशांच्या आसपास राहतं. त्या थंड पाण्यावरून जाणारी दमट हवा गार होते आणि तिचं धुकं बनतं. आतला प्रदेश तापला की तिथली हवा वर उठते आणि हे धुकं किनाऱ्यावर ओढलं जातं. पण वर येणारं पाणी रिकाम्या हाताने येत नाही, तळाची पोषकद्रव्यं घेऊन येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर मासे. डिपो बे गावात रस्त्याच्या कठड्याशी उभं राहून आम्ही करडे देवमासे पाहिले. हजारो देवमासे अलास्काला निघून जातात, पण त्यांतले काही उन्हाळाभर इथेच चरतात. ज्या थंड पाण्यामुळे आपल्याला पोहता येत नाही, त्याच पाण्यामुळे त्यांना इथे खायला मिळतं.

आता वाळूबद्दल. ओरेगनच्या सबंध किनाऱ्यावर, म्हणजे पाचशे ऐंशीपेक्षा जास्त किलोमीटरवर, कुणीही कुठेही वाळूवर चालू शकतं. समोर कितीही श्रीमंत माणसाचा बंगला असो, ती वाळू त्याची नाही. अमेरिकेत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे आणि ती आपोआप झालेली नाही. १९१३ साली ऑस्वल्ड वेस्ट नावाच्या गव्हर्नरने भरतीच्या रेषेपर्यंतची ओली वाळू सार्वजनिक हमरस्ता म्हणून जाहीर करवून घेतली. त्या काळी रस्ते नव्हतेच, घोडागाड्या खरोखरच वाळूवरून जात. पुढे १९६६ मध्ये कॅनन बीचवर एका मोटेलवाल्याने आपल्यासमोरची कोरडी वाळू ओंडके लावून अडवली, फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी. कायदा ओल्या वाळूचा होता, कोरडीचा नव्हता. लोक खवळले. वर्तमानपत्रांत पत्रं, विधिमंडळात वाद, जमीनमालकांचा विरोध. मे १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल मोजणीदारांना घेऊन हेलिकॉप्टरने थेट वाळूवर उतरले आणि सार्वजनिक हद्द कुठपर्यंत असावी हे लोकांसमोर आखून दाखवलं. त्याच जुलैमध्ये ‘बीच बिल’वर त्यांची सही झाली. गवत-झुडपं जिथे सुरू होतात तिथपर्यंतच्या वाळूवर जनतेचा हक्क कायम झाला.

मी त्या वाळूवरून धुक्यात बरीच लांब चालत गेले. एकाही ठिकाणी ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी नाही. एक आजोबा प्लॅस्टिकची बादली घेऊन शिंपले खणत होते. व्हीलचेअरवरच्या एका बाईंना त्यांचा मुलगा रुंद चाकांच्या खुर्चीतून पाण्यापर्यंत नेत होता. कुणीतरी वेळेवर भांडलं म्हणून हे सगळं शिल्लक आहे. नाहीतर हा किनाराही हॉटेलांच्या कुंपणांत वाटला गेला असता.

टिलामूकला चीझसाठी थांबलो. तिथे वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, गवत बारा महिने हिरवं, म्हणून गाई आणि म्हणून दूध. १९०९ पासून तिथे शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था आहे. वारणा आणि गोकुळ माहीत असणाऱ्या आपल्या माणसांना ते चटकन कळेल. काचेआडून चीझच्या लाद्या कापल्या जाताना पाहिल्या, आइस्क्रीम खाल्लं, पुढे निघालो.

कोलंबिया नदीच्या मुखाशी फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्क आहे. पाचशेच्या आसपास जागांचं अवाढव्य कॅम्पग्राउंड. तिथल्या वाळूत ‘पीटर आयर्डेल’ या जहाजाचा गंजलेला सांगाडा उभा आहे. १९०६ च्या ऑक्टोबरात ते वादळी हवेत इथे रुतलं. माणसं सगळी वाचली, पण जहाज हललं नाही. नदीचा जोर आणि समुद्राची भरती इथे समोरासमोर भिडते आणि वाळूचे बांध सतत जागा बदलतात. या मुखाने अशी असंख्य जहाजं गिळली आहेत.

जवळच फोर्ट क्लॅटसॉप आहे. लुइस आणि क्लार्क यांची मोहीम खंड ओलांडून इथे पोचली आणि १८०५-०६ चा हिवाळा त्यांनी लाकडी कोटात काढला. एकशे सहा दिवसांपैकी फक्त बारा दिवस पाऊस पडला नाही. कपडे अंगावर कुजले, मांस सडलं, माणसं आजारी पडली. त्या कोटाची प्रतिकृती आता तिथे आहे. आत शिरले तर ओल्या लाकडाचा आणि धुराचा वास. त्या माणसांनी आल्या वाटेने घरी परतायच्या आशेवर मार्चची वाट बघितली. त्याच भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे क्लॅटसॉप लोक मात्र देवदाराच्या सालीचे आणि गवताचे कपडे, टोप्या वापरून, फळ्यांच्या भक्कम घरांत त्याच पावसात व्यवस्थित राहत होते. पाऊस तोच होता, फरक तयारीचा होता.

ॲस्टोरियाचा पूल साडेसहा किलोमीटर लांब आहे. १९६६ साली तो झाला तेव्हा हायवे १०१ वरची शेवटची फेरीबोट बंद झाली. पूल संपला की वॉशिंग्टन.

इथून पुढे रस्त्याकडेला निळ्या पाट्या जास्त जाणवू लागतात: लाट, आणि तिच्यापुढे चढ चढणारा माणूस. त्सुनामीची वाट. कोपालिस नदीच्या खाडीत देवदाराचे राखाडी, वठलेले बुंधे पाण्यात उभे आहेत. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्यांची वलयं तपासली तेव्हा कळलं की ही झाडं १६९९ च्या उन्हाळ्यानंतर आणि १७०० च्या वाढीच्या हंगामाआधी मेली. तिकडे जपानमध्ये जानेवारी १७०० च्या अखेरीस, तिथे भूकंप झालेला नसताना त्सुनामी आल्याची नोंद होती. दोन्ही धागे जुळले. २६ जानेवारी १७०० च्या रात्री इथे सुमारे नऊ तीव्रतेचा भूकंप झाला, जमीन एकदम खाली बसली, खाडीचं खारं पाणी जंगलात शिरलं आणि झाडं उभ्या उभ्या मेली. समुद्रतळाचा एक तुकडा इथे खंडाखाली सरकतो आहे. तो अडकून बसतो, ताण साठत जातो आणि शतकांनी कधीतरी सुटतो. पुढची वेळ कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर गाडी समतल करण्याआधी आम्ही चढाची वाट पायी चालून यायचो. जमीन जोरात हलली तर भोंग्याची वाट बघायची नाही, गाडीही काढायची नाही, सरळ उंचावर चालू लागायचं.

कलालोकचं कॅम्पग्राउंड ऑलिंपिक नॅशनल पार्कमध्ये, समुद्रालगतच्या कड्यावर आहे. इथे हुकअप नाही. जनरेटर ठरावीक वेळेतच चालवता येतो, आणि ढगाळ हवेत सोलर पॅनेलचा फारसा उपयोग होत नाही. हीटर प्रोपेनवर पेटतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. त्यामुळे संध्याकाळी एकच दिवा, एकच पुस्तक, आणि मी यांना वाचून दाखवायचं असं ठरलं. शेजारच्या जागेत आयडाहोचं एक निवृत्त शिक्षक जोडपं होतं. त्यांना आमची साबुदाण्याची खिचडी इतकी आवडली की साबुदाणा कुठे मिळतो ते त्यांनी लिहून घेतलं.

खालच्या वाळूवर ओंडक्यांचा खच पडलेला असतो. हिवाळ्यातल्या पुरात नद्या अख्खी झाडं वाहून आणतात, समुद्र ती सोलून, घासून किनाऱ्यावर रचतो. एकेक बुंधा माझ्या खांद्याएवढा उंच. मुलं त्यांवर चढतात, आणि तिथेच धोका आहे. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट नेहमीपेक्षा खूप वर येते, आणि टनावारी वजनाचा ओंडका हातभर पाण्यातसुद्धा लोळू लागतो. समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही, हा इथला पहिला नियम.

आणि मग होह. किनाऱ्यापासून थोडं आत, होह नदीच्या काठचं पर्जन्यवन. इथे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे माझ्या चिपळूणएवढाच, पण बहुतेक हिवाळ्यात आणि गारठ्यात. त्या पाण्यावर सिटका स्प्रूस आणि हेमलॉक सत्तर-ऐंशी मीटरपर्यंत उंच जातात. आम्ही सकाळी लवकर पोचलो, कारण उन्हाळ्यात नऊ-दहानंतर गाड्या फाटकाशी ताटकळतात. ‘हॉल ऑफ मॉसेस’ नावाची सव्वा किलोमीटरची पायवाट आहे. पाऊस पडत होता, पण अंगावर थेंब फार येत नव्हते. वरचं शेवाळच तो पिऊन घेत होतं.

एका पडलेल्या स्प्रूसपाशी मी गुडघे टेकून बसले. बुंधा माझ्या छातीएवढा जाड, कितीतरी वर्षांपूर्वी पडलेला, वरून शेवाळाने मढलेला. त्या शेवाळातून हेमलॉकची बोटाएवढी रोपं ओळीने उगवली होती. प्रत्येक सुईच्या टोकाला एक थेंब. खाली जमिनीवर नेच्यांची आणि शेवाळाची इतकी दाटी असते की बी तिथे रुजतच नाही. पडलेल्या झाडावर मात्र त्याला उजेड मिळतो, ओल मिळते. रोपांची मुळं बुंध्याला कवटाळत खाली जमिनीपर्यंत पोचतात. शे-दोनशे वर्षांनी बुंधा कुजून नाहीसा होतो आणि झाडं एका रेषेत उभी राहतात, मुळांखाली पोकळी ठेवून. अशी रेषेतली झाडं पुढे वाटेवर दिसली तेव्हा यांनी हळूच विचारलं, “म्हणजे इथे आडवं झाड होतं?” होतं. त्याची जागा अजून दिसत होती.

इथल्या मेपलच्या फांद्यांवर शेवाळाच्या जाड झालरी लोंबतात. वर्षानुवर्षं साचून तिथे मातीच तयार होते. नलिनी नाडकर्णी या शास्त्रज्ञ विद्यार्थिदशेत गिर्यारोहकांचे दोर वापरून या झाडांवर चढल्या. शेवाळाचा थर उचलून पाहिला तर मेपलच्या फांद्यांतूनच मुळं फुटून त्या मातीत शिरलेली. झाड आपलं अन्न जमिनीबरोबरच आपल्या खांद्यावरूनही घेत होतं. १९८१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. नाडकर्णी हे आडनाव आपल्या किती ओळखीचं! त्या झाडाखाली उभं राहून मला खूप अभिमान वाटला.

पुढे ला पुश हे क्विलिउट जमातीचं गाव लागतं. त्यांची शाळा समुद्राच्या अगदी तोंडाशी होती. २०१२ मध्ये कायदा करून नॅशनल पार्कमधली उंचावरची जमीन जमातीला मिळाली आणि २०२२ मध्ये नवी शाळा तिथे सुरू झाली. मुलांना लाटेपुढे धावायला लागू नये, एवढ्या साध्या मागणीला केवढा काळ लागला.

निआ बेला मकाह जमातीचं संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, पण हे पाहा. ओझेट नावाच्या त्यांच्या गावावर काही शतकांपूर्वी ओल्या डोंगराची दरड कोसळली आणि घरं चिखलात गाडली गेली. १९७० मध्ये वादळी लाटांनी तो चिखल धुपला आणि वस्तू उघड्या पडल्या. जमातीने स्वतः पुढाकार घेऊन पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. चिखलात हवा नव्हती, म्हणून लाकूड, दोर, टोपल्या, विणलेली चटई, जे एरवी कुजून जातं ते सगळं टिकलं. पंचावन्न हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. देवमाशाच्या पाठपराच्या आकारात कोरलेला देवदाराचा एक नग आहे, त्यावर समुद्री ऑटरचे सातशेहून जास्त दात बसवले आहेत. त्याच्यासमोरून माझा पाय निघेना. या वस्तू दूरच्या कुठल्या शहरात गेल्या नाहीत. १९७९ पासून त्या त्यांच्या गावातच आहेत आणि त्यांच्याच घरच्या मुली त्यांबद्दल सांगतात.

तिथून पूर्वेला वळून आम्ही सेक्विमला आलो आणि पाऊस थांबला. होहपासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरसुद्धा नाही, पण इथे वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटर. मधे ऑलिंपिक डोंगररांग आहे. समुद्राकडून आलेले ढग तिच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांच्यात जे आहे तेच. सेक्विमला लव्हेंडरची शेतं आहेत, ऊन आहे, निवृत्तांची घरं आहेत. इथेच स्थायिक व्हावं असं यांना वाटलं. मला नाही वाटलं.

आपल्याकडचे पुष्कळ आईवडील उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत येतात. त्यांना माझी विनंती आहे की लास व्हेगास आणि नायगाराच्या यादीत हा किनारा घाला. मुलांनी आरव्ही भाड्याने घेतली तर पंचवीस फुटांच्या आतली घ्या, कारण नॅशनल पार्कमधल्या पुष्कळ जागांत मोठी गाडी बसत नाही. आरव्ही नको असेल तर ओरेगनच्या बऱ्याच स्टेट पार्कमध्ये यर्ट मिळतात, म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले गोल तंबू, आत पलंग, दिवा आणि हीटर. छत्री आणू नका, वाऱ्यापुढे टिकत नाही. चांगला रेनकोट आणि जाड मोजे आणा. सरपण घरून नेऊ नका, त्यातून किडी जंगलात जातात. कॅम्पवरच विकत घ्या. घरात कुणी बासष्ट किंवा त्याहून जास्त वयाचं अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर नॅशनल पार्कचा आजीवन सीनिअर पास ऐंशी डॉलरला मिळतो आणि तिथल्या बहुतेक कॅम्पच्या भाड्यात निम्मी सवलतही. ओरेगनच्या स्टेट पार्कचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि समुद्राजवळच्या जागा लवकर संपतात. पुढच्या जूनमध्ये जायचं असेल तर डिसेंबरात बुक करा.